ते प्रकरण गाळू नका

आदरणीय मॅडम,
मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवते. यंदा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला अमेरिकी लेखिका विला कॅथर यांची 'माय अँटोनिया' ही कादंबरी माझ्या वाट्याला आली आहे. वर्गात एकवीस मुलं-मुली, जवळजवळ सगळी शेतकरी घरातली. पहिल्याच आठवड्यात कुरकुर सुरू झाली, "मॅडम, यात काही घडतच नाही." सगळ्यांची नजर बाजारातल्या गाइडवर. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. पहिल्या भागात अँटोनियाचे वडील आत्महत्या करतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील तो आठवीत असताना असेच गेले. नापिकी आणि कर्ज. सहकारी म्हणतात, ती पानं सोडून दे, नोट्स दे आणि पुढे जा. मन मानत नाही. काय करू?
एक वाचक

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोन-तीनदा वाचलं. सहकाऱ्यांनी काळजीपोटीच सुचवलं असेल, पण त्यांचं ऐकू नका. ती पानं गाळलीत तर त्या मुलाला एवढंच कळेल की आपल्या घरात जे झालं ते वर्गात वाचण्यासारखंसुद्धा नाही. आणि कादंबरीही हातात उरणार नाही, कारण तिचं नावच त्या बापाच्या तोंडून आलेलं आहे.

तिसरं प्रकरण पुन्हा काढून बघा. दहा वर्षांचा पोरका जिम बर्डन व्हर्जिनियाहून आजी-आजोबांकडे नेब्रास्काला आलाय. त्याच गाडीने बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून, शिमर्दा कुटुंबही आलंय. जिम आजीबरोबर त्यांच्याकडे पहिल्यांदा जातो. निघायच्या वेळी अँटोनियाचे वडील, शिमर्दा, खिशातून एक पुस्तक काढतात. त्यात एका पानावर दोन वर्णमाला आहेत, इंग्रजी आणि बोहेमियन. ते पुस्तक आजीच्या हातात ठेवून ते अडखळत म्हणतात, माझ्या अँटोनियाला शिकवा. 'माझी अँटोनिया' हे शब्द कादंबरीत पहिल्यांदा येतात ते असे. जिम पुढे वकील होतो, आठवणी लिहितो, वर नुसतं 'अँटोनिया' असं लिहितो आणि मग त्याच्याआधी 'माझी' घालतो. पण तो शब्द बापाचा आहे. हे गाइडमध्ये सापडायचं नाही. पहिल्या तासाला एवढंच वाचा. शिकणाऱ्या मुलीचा बाप काय मागतो, हे तुमच्या वर्गाला समजावून सांगावं लागणार नाही.

आता अवघड भागाकडे येते. मी ही कादंबरी पहिल्यांदा शिकवली तेव्हा एक चूक केली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून सांगते. शिमर्दांच्या मृत्यूवर मी फळ्यावर दोन रकाने आखले होते, एकीकडे टिकून राहणारे, दुसरीकडे न टिकलेले. शिमर्दा दुसऱ्या रकान्यात. मागच्या बाकावरची एक मुलगी वही मिटून उठली आणि पुढे आठवडाभर आली नाही. कारण मला नंतर कळलं. ते रकाने मी पुन्हा कधी आखले नाहीत, आणि खरं सांगायचं तर कादंबरीतही ते कुठे नाहीत. कॅथर त्या माणसाला दुबळा म्हणत नाही. तो विणकर होता, गावी त्याला मान होता, तो फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा. इथे आल्यावर त्याने वाद्याला हात लावणंच सोडलं. जमीन त्याने आपल्याच एका देशबांधवाकडून घेतली होती, तिच्या लायकीपेक्षा जास्त पैसे मोजून. परकी भाषा, थंडी, जमिनीत खोदलेलं घर, संपत आलेला पैसा, आणि या सगळ्याखाली गावाची ओढ. एका कारणावर बोट ठेवायचं पुस्तक टाळतं. तुम्हीही टाळा. परीक्षेत 'कारणे लिहा' असा प्रश्न येतो हे मला ठाऊक आहे. तरी वर्गात ती यादी करू नका, प्रश्नोत्तरांच्या तासाला वेगळी करून द्या.

त्या मुलाशी आधी बोला. स्टाफरूममध्ये बोलावू नका, सगळ्यांच्या नजरा वळतात. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, येता-जाता. "तुझ्या वडिलांचं मला माहीत आहे" इथून सुरुवात नको. एवढंच सांगा: "गुरुवारी आपण वाचणार आहोत त्या प्रकरणात एका वडिलांचा असा मृत्यू आहे. बसायचं असेल तर बस, नसेल तर येऊ नकोस, मधूनच उठून गेलास तरी चालेल. हजेरी मी लावते." मग तीच गोष्ट आदल्या दिवशी सगळ्या वर्गालाही सांगा. तुम्हाला एकाचं माहीत आहे. एकवीस जणांत दुसरं कोणी नसेलच असं धरून चालू नका. तो पुढे काही बोलला तर ऐका, आणि बोलताना तुम्हाला धास्ती वाटली तर एकट्याने पेलू नका. घरच्यांपैकी त्याच्या विश्वासाचं कोण ते विचारा, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर द्या. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलतात. नंबर फळ्याच्या कोपऱ्यात आधीपासूनच लिहून ठेवलात तर कुणालाच मागावा लागणार नाही.

तासाचं म्हणाल तर सलग दोन तास मागून घ्या. काहीही झालं तरी मृत्यूची बातमी आल्यावर घंटा होता कामा नये. चौदाव्या प्रकरणात हे घडतं, सोळाव्यात दफन होतं, आणि सोळावं संपेपर्यंत एकाच बैठकीत वाचा. कसं घडलं त्याचे तपशील मोठी माणसं बोलतात, जिम ऐकतो. ते वाक्यन्‌वाक्य वाचून दाखवायची गरज नाही, तुम्ही थोडक्यात सांगा आणि पुढे चला. थांबायचं ते जिम घरात एकटा राहतो तिथे. सगळे शिमर्दांकडे गेलेत, बाहेर बर्फ आहे, आणि मुलाला वाटतं की त्या माणसाचा थकलेला जीव आपल्या देशाच्या लांबच्या वाटेवर निघण्याआधी या उबदार स्वयंपाकघरात टेकला असेल. मुलगा घाबरत नाही. पुढे थोरला मुलगा आम्ब्रोश धर्माच्या भीतीने म्हणतो की बापाचा आत्मा यातना भोगतोय. जिमला ते पटत नाही. त्याच्या मते तो माणूस फक्त इतका दुःखी होता की आणखी जगणं त्याला झालं नाही. हे वाक्य मूळ इंग्रजीतून दोनदा वाचा. त्यावर भाष्य करू नका.

मग शेजारी काय करतात ते पाहा, आणि इथे वेळ द्या. जिमच्या आजोबांकडे काम करणारा ऑटो फुक्स सुतारकी शिकलेला आहे, तो शवपेटी करायला बसतो आणि घरभर रंध्याचा आवाज भरून राहतो. येलिनेक नावाचा तरुण बोहेमियन लांबून मदतीला येतो. कॅथलिक दफनभूमीत जागा मिळणार नसते. नॉर्वेजियन लोक सभा घेतात आणि त्यांच्याकडेही जागा नाकारतात. शेवटी बायको आणि आम्ब्रोश ठरवतात, आपल्याच शेताच्या नैऋत्य कोपऱ्यावर पुरायचं. आपण ज्याला धुरा म्हणतो तिथे, हद्दीच्या खुंटीखाली. पुढे कधीतरी दोन रस्ते बरोबर त्याच जागी एकमेकांना छेदणार असतात. आत्महत्या केलेल्याला चव्हाट्यावर पुरायचं, अशी त्यांच्या मुलखातली जुनी समजूत.

वर्षं जातात. गवताचा मुलूख कुंपणात येतो, सर्व्हेच्या सरळ रेषांवर रस्ते होतात. पण उत्तरेकडून येणारा रस्ता त्या जागी किंचित पूर्वेला वळतो, पश्चिमेकडून येणारा किंचित दक्षिणेला सरकतो. कबरीवरून कुणी गाडी नेली नाही. मधे एक छोटं बेट राहिलं आणि त्यावरचं उंच तांबडं गवत कुणी कापलं नाही. अख्ख्या नेब्रास्कातली ही जागा जिमला सगळ्यांत प्रिय आहे. ज्या लोकांनी दफनभूमीत जागा दिली नाही त्यांच्याच मुलखातला रस्ता त्या माणसासाठी वाकला. फळ्यावर काही काढायचंच असेल तर दोन सरळ रेषा काढा, आणि मग त्या कोपऱ्याशी पुसून वळवा. मी दर वर्षी तेवढंच काढते.

ही घटना कॅथरने मनाने रचलेली नाही हेही सांगा. तिचा जन्म १८७३चा, नवव्या वर्षी, १८८३ साली, ती व्हर्जिनियाहून नेब्रास्कातल्या वेबस्टर काउंटीत आली. ॲना सादिलेक नावाची बोहेमियन मुलगी तिच्या ओळखीची होती, गावातल्या एका घरी कामाला असायची. तिच्या वडिलांनी असाच जीव दिला होता, कॅथर तिथे पोचण्याच्या आधी. नव्या मुलखात तिच्या कानावर पडलेल्या अगदी पहिल्या गोष्टींपैकी ही एक. कादंबरी आली १९१८ साली. म्हणजे पस्तीस वर्षं ती गोष्ट तिने मनात बाळगली.

आता 'काही घडतच नाही'चं बघू. मुलांची तक्रार खोटी नाही. या पुस्तकाला सरळ चढणारं कथानक नाही, आणि गाइड ती उणीव 'पायोनियर स्पिरिट', 'अमेरिकन ड्रीम' अशा मथळ्यांनी भरून काढतात. मथळे शिकवायला बसलात की वर्ग झोपलाच म्हणून समजा. ही कादंबरी वस्तूंमधून शिकवायची.

वाळलेल्या आळंब्यांचं घ्या. हिवाळ्यात जिमची आजी शिमर्दांकडे खाणंपिणं घेऊन जाते. शिमर्दीणबाई परतफेड म्हणून तिला गादीच्या कापडाच्या पिशवीतून चहाचा कप भरून काहीतरी तपकिरी तुकडे काढून देते, मुळाच्या ढलप्यांसारखे, उग्र वासाचे. जपून आणलेली, जेवढी उरली त्यातली. आजीला ते काय आहे हेच कळत नाही. घरी आल्यावर ती पुडी चुलीत टाकते. जिम मात्र एका तुकड्याचा कोपरा चावून बघतो, आणि कित्येक वर्षांनी त्याला उमगतं की त्या बोहेमियाच्या जंगलात वेचून वाळवलेल्या आळंब्या होत्या. आजी वाईट नाही, तिच्याइतकी दिलदार बाई पुस्तकात दुसरी नाही, आणि तरी पुडी चुलीत जाते. माझ्या वर्गात कोकणातून आलेल्या एका मुलीने हे वाचून झाल्यावर हात वर केला आणि सांगितलं की नागपूरच्या होस्टेलवर तिने आईने दिलेले सोडे ठेवले होते, रूममेटने वासाला कंटाळून न विचारता फेकून दिले. स्थलांतर म्हणजे काय, यावर मला पुढे बोलावं लागलं नाही. तुमच्या मुलांना विचारा, घरची कोणती पुडी परक्या माणसाने चुलीत टाकली असती.

आणि त्यांना बोलू द्या, मराठीत, वऱ्हाडीत. ज्या मुलांना आपल्या इंग्रजीची लाज वाटते त्यांना अँटोनिया भेटायलाच हवी. तांबड्या गवतात वारा चुकवत बसलेली ती पोर जिमच्या डोळ्यांकडे आणि आभाळाकडे बोट दाखवून 'ब्लू' शब्द शिकते, एका बैठकीत वीसेक शब्द. आनंदाच्या भरात ती त्याला आपली चांदीची अंगठी द्यायला निघते. नावाचा उच्चारही कॅथरने तळटीप देऊन सांगितलाय, जोर पहिल्या अक्षरावर. आपण सगळे 'टो'वर देतो.

वर्ग अगदीच मरगळला असेल तर पावेल आणि पीटरची लांडग्यांची गोष्ट आधी घ्या. रशियातली रात्र, लग्नाचं वऱ्हाड, बर्फावरून धावणाऱ्या गाड्या. वर्गात ज्याला चांगलं वाचता येतं त्याला वाचायला लावा. तासाला कोणी मोबाइल काढणार नाही.

प्रेअरी, म्हणजे तिकडचा गवताळ मुलूख, समजावताना मात्र 'आपल्या माळरानासारखी' म्हणून सोडून देऊ नका, तसं नाही. माणसाच्या कमरेपर्यंतचं गवत, झाडाचं नाव नाही, आणि जमिनीत मुळांची अशी जाळी की लोक ती मुळांसकट विटांसारखी कापून त्याची घरं बांधत. नांगर चालणंच मुश्कील. पावसानंतर काळ्या मातीतून चालताना चपलेला किती माती धरते ते तुमच्या मुलांना माहीत आहे. तिकडच्या मातीनेही लोखंडी नांगराचा फाळ असाच भरून जायचा, शेतकऱ्याला दर थोड्या वेळाने थांबून खरवडावं लागायचं. १८३७ साली जॉन डीअर या लोहाराने इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला तेव्हा कुठे माती सुटून पडायला लागली. मग १८६२चा होमस्टेड कायदा सांगा: पाच वर्षं राहून जमीन कसली की १६० एकर आपले, फी नावापुरती. आकडा ऐकून वर्ग चकित होईल. तिथेच विचारा, सरकारने वाटली ती जमीन कुणाची होती?

हा प्रश्न पुस्तकात जवळजवळ नाही, आणि ती पुस्तकाची खरी उणीव आहे. नेब्रास्कातल्या पॉनी या मूळ रहिवाशांना १८७४-७५च्या सुमारास दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जावं लागलं. कॅथरचं कुटुंब आलं ते त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी. तिच्या गावाचं नाव रेड क्लाउड, लाकोटा लोकांच्या प्रमुखाचं. कादंबरीत तिने ते ब्लॅक हॉक केलं, तेही सॉक लोकांच्या नेत्याचं नाव. मूळ रहिवासी गावाच्या नावात आहेत, गावात एकही नाही. पण एके ठिकाणी खूण राहून गेली आहे. पहिल्या बर्फात जिमला गवतात एक मोठं पुसट वर्तुळ दिसतं, पूर्वी इंडियन लोक घोडे फिरवायचे तिथे. गडीमाणसं म्हणतात, तिथे ते कैद्यांचे हाल करत असतील. आजोबा म्हणतात, शर्यती लावत असतील, घोडे शिकवत असतील. बर्फ पडल्यावर ते वर्तुळ जिमला कधी नव्हे इतकं स्पष्ट दिसतं. त्या दोन ओळींवर अर्धा तास द्या.

दुसऱ्या भागातला आंधळा कृष्णवर्णीय पियानोवादक द'आर्नो, त्याच्याबद्दलही तसंच. त्याच्या डोक्याच्या ठेवणीवरून, आवाजावरून कॅथर वंशाबद्दल जे लिहिते ते वाचवत नाही. सारवासारव करू नका, 'तो काळच तसा होता' म्हणून मोकळ्याही होऊ नका. बाबासाहेब वाचलेली मुलं तुमच्या वर्गात असणारच. ती हे तुमच्याआधी पकडतील. पकडू द्या, आणि मान्य करा.

तासांची वाटणी विचारलेली नाही, तरी सांगते. चौदा तास मिळत असतील तर सात पहिल्या भागाला द्या. दुसऱ्याला तीन. तिसरा, लीना लिंगार्डचा भाग एका तासात उरका, चौथाही एकात. उरलेले दोन शेवटच्या भागासाठी हातचे राखून ठेवा, तिथे हात आखडला तर पहिल्या सातांचं चीज होणार नाही. मावळत्या सूर्यबिंबात उभा दिसणारा नांगर परीक्षेत हटकून येतो. तो शिकवताना परिच्छेदाचा शेवट विसरू नका, सूर्य बुडतो आणि नांगर पुन्हा शेतातला एवढासा नांगर होतो. गाइडं अर्ध्यावर थांबतात.

त्याआधी, बापाच्या मृत्यूनंतरचं एक पान आहे, ते मी कुणालाही गाळू देत नाही. अँटोनिया घोडे हाकून शेतातून परत येतेय. जिम तिला शाळेत यायला सांगतो. ती ताठ्यात म्हणते, मला शिकायला वेळ नाही, मी या जमिनीचं चांगलं शेत करणार आहे. मग ती तोंड फिरवते, आणि जिमला कळतं की ती रडतेय. थोड्या वेळाने ती विचारते, तू शाळेत जे छान छान शिकशील ते मला कधीतरी सांगशील ना? माझे वडील खूप शिकलेले होते. ताई, बापाने हातात दिलेलं ते दोन वर्णमालांचं पुस्तक या पानापर्यंत येऊन थांबतं. तुमच्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या आया याच जागी थांबल्या असतील. त्या मुलींना हे पान वाचायला द्या, मोठ्याने.

आणि शेवटचा भाग. वीस वर्षांनी जिम परत येतो. अँटोनियाचे दात गेलेत, शेत उभं राहिलंय, फळांच्या बागा आहेत, घर पोरांनी भरलंय. रात्री लिओ नावाचा तिचा मुलगा फिडल वाजवतो. कुणी शिकवलेलं नाही, आपला आपणच शिकला. वाद्य त्याच्या मानाने मोठं आहे. ते शिमर्दांचं. अँटोनियाने इतकी वर्षं जपून ठेवलेलं. कॅथर त्यावर काही म्हणत नाही, एका वाक्यात सांगून पुढे जाते, आणि घाईने वाचणाऱ्याच्या हातून ते निसटतं.

तुमचा तो विद्यार्थी पहिल्या भागाच्या वेळी आला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, पण या तासाला त्याला नक्की कळवा. हे वाक्य वाचून झालं की वर्गाला विचारा, "हे फिडल आपण आधी कुठे पाहिलं होतं?" कोणीतरी पानं उलटायला लागेल. त्याच्याकडे बघू नका, त्याला विचारू नका. त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर त्याच्यासाठी दहा मिनिटं हातात असू द्या.